डाव्या पायाचा बास

“पाय! बरकत, तुझा पाय!” कुलासो मास्तरांनी हातातली छडी स्टँडवर आपटली आणि आम्ही अठरा जण एकदम गप्प झालो.

गप्प झाला नाही तो बरकतभाईंचा डावा पाय. कँटीनमध्ये फळ्या टाकून केलेल्या स्टेजवर तो आणखी दोनदा धप्‌ धप्‌ वाजला. मग बाकीची दुनिया थांबल्याचं त्याच्या ध्यानात आलं आणि तोही थांबला.

“मी हलवत न्हाई वो मास्तर,” बरकतभाई म्हणाले. “त्यो आपला आपन हलतो.”

“मग त्याला सांग, हा रस्ता नाही. हा हॉल आहे.”

सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो, कारण मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचो आणि शेजाऱ्याची फजिती जवळून बघायला मिळते. मी भिमाजी, राहणार आकुर्डी. वाजवायचो युफोनियम, म्हणजे बासचा धाकटा भाऊ म्हणा. दिवसभर पॅकिंगमध्ये खोक्यांना खिळे मारायचे आणि साडेचारचा भोंगा झाला की कँटीनमध्ये येऊन दीड तास फुंकायचं, असा माझा त्या वेळचा संसार होता.

सत्तावन्न सालची गोष्ट. मुंबई-पुणे रस्त्याला लागून पिंपरीच्या माळावर आमची कंपनी नुकतीच उभी राहिली होती. बाभळी तोडलेल्या जागी शेड आल्या, शेडमागून क्वार्टर्स आल्या, आणि थोरल्या साहेबांना हौस म्हणून बँडही आला. खडकीची गोरी पलटण गेली तेव्हा तिची वाद्यं लिलावात निघाली होती, ती कंपनीनं घेतली. मूळ गोव्याचे कुलासो मास्तरही त्याच पलटणीतले. वाद्यांबरोबर तेही आले, असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो.

त्या वाद्यांत दोन बास होते. बास म्हणजे बँडमधला सगळ्यांत मोठा पितळी भोंगा, सगळ्यांत खालचा आवाज काढणारा. एक होता गोल. त्याच्या वेटोळ्यातून डोकं आणि हात घालून तो अंगावर चढवायचा, वजन डाव्या खांद्यावर घ्यायचं आणि चालत वाजवायचा. त्याचं तोंड डोक्यावरून पुढं येतं, त्यामुळे आवाज पुढच्या माणसांवरून थेट रस्त्यावर जातो. दुसरा सरळ. तो बसून मांडीवर उभा धरायचा. त्याचं तोंड आढ्याकडं, आवाज वर जाऊन सगळ्या हॉलमध्ये पसरतो. रस्त्यावर सरळ बास वाजवला तर आवाज आभाळात जातो आणि हॉलमध्ये गोल बास वाजवला तर पहिल्या रांगेतल्या माणसांच्या कानठळ्या बसतात. ज्याचं त्याला शोभतं.

बरकतभाई गोल बासचा माणूस. बारा वर्षं पलटणीत, मग आठ वर्षं चिंचवडच्या एका लग्नाच्या बँडमध्ये, आणि दोन वर्षं आमच्यात. बावीस वर्षांत या माणसानं बसून एक सूर काढला नव्हता. वाजवायचं म्हणजे चालायचं, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. मी त्यांच्या मागच्या रांगेत चालायचो. समोर ते पितळेचं वेटोळं, त्याखाली घामानं भिजलेली पाठ आणि खाली एकसारखे पडणारे दोन पाय. ताल चुकला असं वाटलं की मी मास्तरांकडं बघत नसे, त्या पायांकडं बघत असे.

पण सव्वीस जानेवारीच्या परेडमध्ये गेटजवळच्या वळणावर त्यांचा उजवा गुडघा गेला. वाजत असलेला तुकडा संपेपर्यंत चालले, नंतर दोघांनी धरून बाकावर बसवलं. गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता. कंपनीच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, “वजन घेऊन चालणं बंद. हट्ट कराल तर काठी घेऊन फिराल.”

म्हणजे गोल बास गेला. राहिला सरळ.

आता यात एक मेख होती. बरकतभाईंना कंपनीनं घेतलं होतं ते बँडसाठी. कार्डावर तसं लिहिलेलं होतं. दिवसा त्यांना स्टोअरमध्ये बसून लेबलं चिकटवण्याचं हलकं काम होतं, तेही बँडचा माणूस म्हणून. बँड सुटला तर लोडिंग शेड, आणि तिथं सगळी गोण्यांची उचलाउचल. अशा गुडघ्यानं माणूस आठ दिवस टिकला नसता. आणि होळी झाल्यावरच्या शनिवारी कंपनीच्या वर्धापनदिनाला बसून वाजवायचा कार्यक्रम होता. परदेशी इंजिनियर, त्यांच्या मडमा, आमचे साहेब आणि पहिल्यांदाच कामगारांच्या घरची बायकामाणसं. त्यानंतर मास्तर बँडची कायम माणसांची यादी देणार होते. बास एक, युफोनियम एक. युफोनियमवाले आम्ही दोघं होतो, मी आणि मोशीचा दत्तोबा. दत्तोबा माझ्यापेक्षा बरा वाजवायचा. हे मला ठाऊक होतं, मास्तरांनाही ठाऊक होतं आणि दत्तोबाला तर फारच ठाऊक होतं.

कार्यक्रमात चार तुकडे होते. तीन आमच्या सवयीचे. चौथा मडमांसाठी, तीन ठोक्यांचा, ज्यावर त्यांच्याकडं जोडीनं नाचतात तो वॉल्ट्झ. त्यानंच सगळा घोळ केला.

चालीच्या बँडमध्ये ताल दोनाचा असतो. डावा, उजवा, डावा, उजवा. बासचा ठोका नेहमी डाव्या पायावर. बावीस वर्षं बरकतभाईंचा डावा पाय पडला की बास वाजला, इतका पक्का हिशोब. त्यांचा श्वासच त्या पायाला बांधलेला. वॉल्ट्झमध्ये बासनं एकवर वाजवायचं आणि दोन-तीन गप्प बसायचं. पण एकला डावा पाय पडला तर दोनला उजवा पडतो, तीनला पुन्हा डावा, आणि पुढचा एक येतो उजव्यावर. बरकतभाई बसल्या बसल्या चालत होते. डावा पाय पडला की ढुम्‌, मग तो एक असो, तीन असो, दोन असो. सगळा वॉल्ट्झ लंगडत चालल्यासारखा व्हायचा आणि मास्तर डोक्याला हात लावायचे.

उपाय काय कमी झाले? आधी पायाखाली गोणपाट घातलं. आवाज गेला, पण चुकीचा ठोका गेला नाही. मग पायावर पाय टाकून बसायला सांगितलं. गुडघा दुखायला लागला. एक दिवस बरकतभाईंनी स्वतःच गोल बासचा पट्टा काढून डावा पाय खुर्चीच्या पायाला बांधून टाकला. तुकडा सुरू झाला आणि चौथ्या ओळीला खुर्चीच फळीवर टपटप उड्या मारायला लागली. दत्तोबा हसता हसता खाली पडायचा बाकी राहिला. बरकतभाईही हसले. पण घरी जाताना गेटपाशी मला म्हणाले, “भिमाजीराव, पाय बांदला की दमच निगत न्हाई वो. फुप्फुस पायात हाय का काय माजं?”

मी म्हणालो, “बरकतभाई, मोजत चला. एक-दोन-तीन.”

“मोजतो की. पर मोजणारा येक, वाजवणारा दुसरा. दोगांचं पटत न्हाई.”

त्या रविवारी मी त्यांच्याकडं गेलो. पिंपरी गावात नदीकडच्या बाजूला त्यांचं दोन खणांचं घर होतं. कशाला गेलो? खरं सांगायचं तर उत्सुकता. त्यांना जमतंय की नाही ते बघायचं होतं. मनात दुसरंही काही असेल, पण तेव्हा मी ते स्वतःशी बोलून दाखवलं नाही.

रमजान तोंडावर आला होता म्हणून अंगणात मसाला कांडायचं काम चाललं होतं. एका उखळाभोवती तिघी उभ्या. बरकतभाईंची बायको नजमुन्निसा, जाऊ झुलेखा आणि शेजारच्या रुक्मिणीबाई. तिघींच्या हातात तीन मुसळं आणि मिरचीच्या खकाण्यानं तिघींच्या तोंडाला पदर बांधलेले. बरकतभाई भिंतीला पाठ लावून बाजेवर बसले होते, मांडीवर रिकामे हात. मास्तर सरळ बास घरी नेऊ देत नसत.

“या भिमाजीराव. शिंका येत्याल, संबाळा,” ते म्हणाले.

मला आल्या आल्याच चार शिंका आल्या. बायका हसल्या, पण त्यांचे हात थांबले नाहीत. ढुब, ढुब, ढुब. एकीचं मुसळ वर, एकीचं निम्म्यावर, एकीचं उखळात. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. आमच्या घरीही असंच कांडतात. पण बोलता बोलता बरकतभाई मध्येच थांबले आणि उखळाकडं बघत राहिले.

“नजमा,” ते म्हणाले, “तुजा ठोका कसा वळकतीस गं?”

“कंचा ठोका?”

“तुजं मुसळ कवा टाकायचं ते. मोजतीस का?”

नजमुन्निसाला हा प्रश्न खुळचटच वाटला असणार. “मोजाया लागले तर मुसळावर मुसळ आपटंल की. मोजायचं कशाला? दोगींचं व्हऊ द्यायचं, मग आपलं टाकायचं.”

“दोगींचं व्हऊ द्यायचं,” बरकतभाई म्हणाले.

“आनि हातातलं मुसळ वर धरून वाट बगायची,” रुक्मिणीबाईंनी पदराआडून भर घातली. “आदीच खाली आनलं की गेलं.”

बरकतभाई बाजेवर नीट सरकून बसले. डाव्या पायाची टाच टेकलेली ठेवून त्यांनी चवडा जमिनीवरून उचलला आणि तसाच अधांतरी ठेवला. नजमुन्निसाचं मुसळ पडलं तेव्हा चवडा पडला. लगेच उचलला. झुलेखाचं पडलं, रुक्मिणीबाईंचं पडलं, पाय वरच. पुन्हा नजमुन्निसाचं, पुन्हा पाय. ते ओठ आवळून हवेतच फुंकत होते, पू, पू, आणि बोटं मांडीवर दाबत होते. झुलेखाला हसू आवरेना. नजमुन्निसा मात्र हसली नाही. तिनं नवऱ्याच्या पायाकडं एकदा बघितलं आणि मुसळ जरा जोरात टाकायला सुरुवात केली, म्हणजे तिचा ठोका वेगळा ऐकू यावा. पायली दीड पायली मिरची कुटून होईस्तोवर हे चाललं होतं.

चहा घेताना बरकतभाई मला म्हणाले, “हिनं मला आजवर वाजवताना ऐकलं न्हाई, ठावं हाय का? येकदाबी न्हाई.”

“असं कसं?”

“वरातीत बँडवाल्याची बायको कवा असती का? पलटणीत हुतो तवा ही गावाकडं. सव्वीस जानेवारीला साहेबलोकांची गर्दी. आता शनवारी येनार हाय. म्हनून तर.”

नजमुन्निसा आतून म्हणाली, “मी मागं बसंन हां. फुडं बसवू नका.”

सोमवारी-मंगळवारी तालमीत बाकीचे तुकडेच झाले. मंगळवारी मास्तर गेल्यावर बरकतभाईंनी मला थांबवून घेतलं. कँटीनमध्ये कोणी नव्हतं, कँटीनची पोरं टेबलं पुसून गेली होती. त्यांनी सरळ बास मांडीवर घेतला, मी युफोनियमवर वॉल्ट्झची चाल वाजवली. पहिल्या दमातच बरोबर आलं. त्यांचा डावा चवडा वर, मग खाली, त्याबरोबर बास. दोन-तीन गप्प. पुन्हा वर, पुन्हा खाली. मला विश्वास बसेना, म्हणून मी पुन्हा वाजवायला लावलं. मग मुद्दाम जरा घाईत वाजवलं. मग रेंगाळत. सात वेळा वाजवलं आम्ही, आणि सातही वेळा त्यांचा एकही ठोका इकडचा तिकडं झाला नाही. शिवाय आवाज! रस्त्यावर ते भकाभका फुंकायचे, तिथं तसंच लागतं. इथं त्यांनी फुंकर हलकी केली होती, आणि तो सूर पत्र्यापर्यंत जाऊन सगळ्या कँटीनभर खाली उतरत होता. माझ्या खुर्चीच्या फळीला तो जाणवत होता.

“जमलं की हो!” मी म्हणालो.

त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते बाहीनं पुसले आणि बासही पुसला. “मास्तरला उद्या ऐकवू,” ते म्हणाले.

पण बुधवारी-गुरुवारी मास्तर खडकीला कुणाच्या तरी मयतीला गेले होते, आणि शुक्रवारी तालीमच झाली नाही, कारण कँटीनमध्ये पताका लावायचं काम चाललं होतं. शनिवारी सकाळी मास्तर आले ते ठरवूनच आले होते.

“बरकत, तीन तुकडे तू वाजव. वॉल्ट्झमध्ये नुसता धर. बोटं हलव, गाल फुगव, पण फुंकू नको. खालची, बासची ओळ भिमाजी युफोनियमवर घेईल. चाल दत्तोबा घेईल.”

“मास्तर, आता येतंय मला.”

“कधीपासून?”

“मंगळवारपासनं. बरोब्बर येतंय. येकडाव ऐका.”

“संध्याकाळी साहेब बसणार समोर. आता प्रयोग नको, बाबा. वाजव म्हणेन आणि पुन्हा त्या पायानं घात केला तर?”

“भिमाजीरावांना इचारा. त्यांनी ऐकलंय.”

मास्तर माझ्याकडं वळले. सगळे माझ्याकडं बघत होते, दत्तोबाही. एक क्षणभराचा प्रश्न. आता मी तुम्हाला सांगतो काय झालं ते, यात माझं कौतुक काही नाही. खालची ओळ माझ्याकडं आली तर दत्तोबा वर आणि मी खाली, दोघांनाही जागा. बासचीच जागा कदाचित. बरकतभाईंनी फुंकलं तर युफोनियमवाला एकच, आणि तो मी नव्हे. हे सगळं माझ्या डोक्यात एवढं सरळ मांडलेलं नव्हतं, पण जीभ मात्र नेमकी जागेवर वळली.

“वाजलं होतं मास्तर,” मी म्हणालो. “पण एकदाच.”

मास्तरांनी मान हलवली. “एकदाच्यावर मी साहेबापुढं उभा राहत नाही.” आणि त्यांनी छडी उचलली.

बरकतभाईंनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. त्यांनी नुसतं बघितलं, जसं माणूस ओळखीच्या घरात शिरतो आणि आत भलतीच माणसं दिसतात तसं. मग बास मांडीवर घेतला आणि “जी” म्हणाले. पलटणीतला माणूस. हुकूम म्हणजे हुकूम. मी दिवसभर त्यांची नजर चुकवत राहिलो.

संध्याकाळी कँटीन फुलून गेलं. पुढं खुर्च्यांवर साहेब आणि मडमा, मधे सतरंज्यांवर कामगार, मागं डाव्या भिंतीला बायका. पताका, गॅसबत्त्या, वर पत्रा तापलेला. नजमुन्निसा झुलेखाबरोबर अगदी शेवटच्या रांगेत होती. मला ती ओळखू आली, कारण सगळ्या बायका मडमांचे झगे बघत होत्या आणि ती एकटी आमच्या रांगेतल्या त्या उभ्या पितळी तोंडाकडं बघत होती.

पहिले तीन तुकडे झकास झाले. बरकतभाईंनी ते बसून वाजवले आणि पाय अगदी हळू ठेवला, गोणपाटाचीही गरज लागली नाही. टाळ्या पडल्या. मग चौथा.

खालची ओळ मला सकाळीच मिळालेली. एकवर फुंकायचं, दोन-तीन सोडायचे, त्यात काय अवघड, असं मी मनाशी म्हणत होतो. पहिला भाग निभावला. दुसऱ्या भागात एक मडम आणि तिचा नवरा उठून स्टेजपुढच्या मोकळ्या जागेत नाचायला लागले. लोक ओरडले, टाळ्या वाजवायला लागले, टाळ्या पत्र्यावर आपटून उलट्या यायला लागल्या आणि माझा एक हरवला. अगदी हरवला. मी एकदा फुंकलं ते तीनवर पडलं. मास्तरांचे डोळे मोठे झाले. पुढं फुंकू का नको, कधी फुंकू, काही कळेना.  ज्याच्यावर सगळा तुकडा उभा असतो तो ठोकाच माझ्याकडं नव्हता.

तेवढ्यात माझ्या उजव्या बाजूला काहीतरी हललं. बरकतभाईंनी मांडीवरचा बास जरासा माझ्याकडं वळवला. बोटांनी दाबायचे ते तीन पिस्टन आता सरळ माझ्या डोळ्यांखाली आले. ते दाबत होते. हवा नाही, आवाज नाही, नुसती बोटं. एकवर दाबायचे, दोन-तीन सोडायचे. खाली त्यांचा डावा चवडा वर धरलेला, एकवर अलगद पडायचा आणि पुन्हा वर. मी वहीवरची नजर काढली, मास्तरांवरची काढली आणि त्या बोटांवर ठेवली. बोट पडलं की मी फुंकलं. बोट पडलं की फुंकलं. शेवटच्या सुरापर्यंत मी एकदाही माझं स्वतःचं काही मोजलं नाही.

मग एकच गलका झाला. मडमेनं हात हलवले, साहेब उठून उभे राहिले. मास्तरांनी घाम पुसत येऊन माझा हात धरला आणि जोरजोरात हलवला. “भिमाजी, मधे एक ठेच खाल्लीस, पण सावरलंस! भले! बासची खुर्ची तुझी. सोमवारी यादीत नाव टाकतो.”

बरकतभाई हातभर अंतरावर बसले होते. ते सगळं ऐकत होते. त्यांनी बासमधलं पाणी झटकलं, फडक्यानं तो पुसला, पेटीत ठेवला आणि पेटीच्या कड्या लावल्या. मला म्हणायचं होतं, मास्तर, थांबा. मला म्हणायचं होतं, सात वेळा. पण लोक पाठीवर थापा मारत होते, दत्तोबानं मला मिठी मारली, आणि मी ते तसंच जाऊ दिलं. लाज वाटत होती, आणि त्याच वेळी बरंही वाटत होतं. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

बाहेर आलो तर सायकलस्टँडजवळ नजमुन्निसा उभी होती. झुलेखा जरा पलीकडं. बरकतभाई तिच्यापाशी गेले आणि मी नाइलाजानं तिथंच होतो, कारण माझी सायकल त्यांच्या मागं अडकली होती.

नजमुन्निसाचा चेहरा उजळला होता. “आवो,” ती म्हणाली, “ते शेवटचं. तिनाचं. मी मांडीवर बोट धरून बसले हुते. मदी त्येवडा येकच ठोका गेला, मंग येकबी न्हाई चुकला. मी झुलेखाला म्हनलं, बग, आपल्या उखळातला हाय ह्यो.”

 बरकतभाईंनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली.

“लई खालनं आवाज येत हुता,” ती म्हणाली. “जमिनीतनं पायाला लागत हुता. बावीस वरसं तुमी ह्ये वाजवत हुता आनि मला ठावंच न्हाई.”

हो म्हणायला काय लागत होतं? कुणाला कळणार होतं? मी तर सांगणार नव्हतो. मी मनातून त्यांना म्हणत होतो, हो म्हणा बरकतभाई, हो म्हणून टाका, म्हणजे मीही सुटलो.

“ते मी न्हाई वाजवलं, नजमा,” बरकतभाई म्हणाले. “ते ह्यांनी वाजवलं. मला नुसतं धरून बसायचा हुकूम हुता.”

तिला आधी उमजलं नाही. “पर बोटं तर तुमची हलत हुती. मी बगत हुते.”

“बोटं हलली. हवा न्हाई सोडली.”

ती त्यांच्या हातांकडं बघत राहिली. मग माझ्याकडं बघितलं. आत्ता बोलायचं होतं. दोन वाक्यं पुरली असती. मी तोंड उघडलंही. पण मागून कुणीतरी हाक मारली, “ए भिमाजी, बासवाल्या! चल की, साहेब पेढे वाटतायत!” आणि माझं तोंड तसंच राहिलं.

नजमुन्निसानं पदर नीट केला. परक्या माणसाशी बोलताना बाईमाणूस जशी जमिनीकडं बघत बोलते तशी ती बोलली.

“छान वाजवलंत, भाऊ.”

मी तिला हात जोडले.